सायकलच्या लाईटचा उजेड घरच्या घरी कसा मोजायचा

दापोली घ्या, गुहागर घ्या, देवगड-मालवणचा पट्टा घ्या, संध्याकाळी सातनंतर बाजारपेठ सोडून जरा पुढे गेलं की काळोख म्हणजे काळोख. पोल असतात पण त्यावर दिवा लागेलच असं नाही, वळणावर जांभ्याचा गडगा अगदी डांबराला लागून, मध्येच गुरं बसलेली, आणि पावसाळ्यात तर खड्डा कुठला आणि नुसतं साचलेलं पाणी कुठलं तेच कळत नाही. दाभोळच्या जेटीवर उशिराची फेरीबोट पकडून धोपाव्याला उतरलात आणि पुढे सायकलवर घरी जायचंय, तर तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये फक्त ती हँडलवरची लाईट असते. म्हणून ती किती उजेड देते हे आपल्याला नीट माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि नेमकं तेच डब्यावरून कळत नाही. ऑनलाईन स्वस्तात मिळणाऱ्या लाईटींवर २००० लुमेन, ५००० लुमेन असं बिनधास्त छापलेलं असतं, नवीन माणूस तो आकडा बघून मागवतो. मोजायला लॅब लागते असं नाही. एक अँड्रॉइड फोन, एक मेजरिंग टेप, एक वही आणि मासळीचा थर्माकोलचा खोका एवढ्यावर काम होतं. लॅबइतका अचूक आकडा येणार नाही, पण दोन लाईटींमधली चांगली कुठली, डब्यावरचा आकडा खरा की हवेतला, आणि तासाभराने किती उजेड उरतो, ही तिन्ही उत्तरं नक्की मिळतात.

आधी तीन शब्द समजून घ्या

लुमेन म्हणजे लाईटमधून सगळ्या बाजूंना मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. कँडेला म्हणजे एका ठराविक दिशेला तो किती जोरात जातो ते. आणि लक्स म्हणजे समोरच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती पडतो, एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला तर एक लक्स. वाडीत शिंपणं करताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी लांबच्या माडापर्यंत जातं ना, तसंच इथे आहे, लुमेन तेवढेच राहून कँडेला वाढू शकतात. म्हणून ४०० लुमेनची चांगल्या लेन्सची लाईट रस्त्यावर ८०० लुमेनच्या साध्या लाईटपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते, कारण दुसरीचा अर्धा उजेड माडाच्या शेंड्यांवर जातो.

मीटर हातात घेण्याआधीचं गणित

हे पहिलं करा, फुकट आहे. बहुतेक लाईटींमध्ये १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब. आज बाजारात असलेल्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएच असते, म्हणजे ऊर्जा धरा १३ वॅट-अवरच्या आसपास. (कुठे ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० दिसला तर तो खोटा आहे, पुढे वाचायची गरज नाही.) आता एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला बेताचा करंट देणारं आतलं सर्किट), लेन्स सगळं धरून एका वॅटला १०० ते १२० लुमेन बाहेर पडतात असं समजा. १००० लुमेनला मग ८ ते १० वॅट लागणार, आणि १३ वॅट-अवरचा सेल सव्वा ते दीड तासात रिकामा होणार. त्यामुळे एका सेलची लाईट "१००० लुमेन, ६ तास" सांगत असेल तर दोन्हीपैकी एक तरी खोटं आहे. हे गणित दुकानात उभं राहून फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं आणि निम्म्या लाईटी तिथेच बाद होतात.

फोनचा सेन्सर ओळखा

अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त करायला एक लाईट सेन्सर असतो, बहुतेक फोनमध्ये वर, पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास. लक्स मीटरचं कुठलंही साधं ॲप टाका, मग अंगठा वरच्या कडेवरून हळूहळू सरकवा, जिथे आकडा धाडकन शून्याकडे जातो तिथे सेन्सर. ती जागा लक्षात ठेवा किंवा बाजूला कव्हरवर मार्करने खूण करा. टेम्पर्ड ग्लासची काळी कडा कधीकधी नेमकी सेन्सरवर येते, तसं असेल तर ग्लास काढावी लागेल. काही नवीन फोनमध्ये सेन्सर स्क्रीनच्या खालीच असतो, त्यात स्क्रीनचा स्वतःचा उजेड मिसळतो, तो फोन या कामाला नको, घरातला जुना फोन वापरा. आयफोनवाल्यांची इथे अडचण होते कारण तिथली ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज लावतात, त्यावर फार विसंबू नका. सारखं मोजायचं असेल तर वायरवर वेगळा सेन्सर असलेला साधा डिजिटल लक्स मीटर घ्या, एका सायकल क्लबमध्ये एक घेतला तरी सगळ्यांचं भागतं.

फोन बरोबर मोजतोय का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे आणि ती खालच्याच टेस्टमध्ये होऊन जाते.

अंगणात ५ मीटर

लाईट पूर्ण चार्ज करा. रात्रीची वेळ, शक्यतो अमावस्येच्या आसपास, आणि खरं सांगायचं तर गावची लाईट गेली की या कामाला उत्तम वेळ. पडवीतल्या खुर्चीवर किंवा सायकलवरच लाईट पक्की बसवा, तिच्या काचेपासून टेपने बरोबर ५ मीटर मोजा आणि तिथे स्टुलावर फोन उभा करा, स्क्रीन लाईटकडे. फोनच्या स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम कमी. लाईट लावण्याआधी नुसत्या अंधाराचा आकडा बघून घ्या, शेजाऱ्यांच्या बल्बमुळे १-२ लक्स असतील तर ते नंतर वजा करायचे.

आता लाईट लावा, अर्धा मिनिट थांबा, मग ती थोडी वर-खाली डावी-उजवी करत सगळ्यात मोठा आकडा कुठे येतो तो शोधा. आकडा वाचताना फोनच्या बाजूला उभे रहा, समोर नाही, आणि पांढरा शर्ट घालून जवळ उभं राहू नका, तोही उजेड परत फेकतो.

समजा ९० लक्स आले. ५ चा वर्ग २५, म्हणून ९० गुणिले २५, म्हणजे २२५० कँडेला. एकदा कँडेला हातात आले की कुठल्याही अंतरावरचा लक्स काढता येतो, अंतराच्या वर्गाने भागायचं बस. १० मीटरवर साडेबावीस, २० मीटरवर साडेपाचच्या आसपास. हे २० मीटर मी उगाच नाही घेतलं. आसूदचा उतार किंवा असाच कुठलाही उतार ताशी ३० ने उतरताना तुम्ही सेकंदाला ८ मीटरपेक्षा जास्त जाता, समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १२ मीटर तिथेच संपले, मग ब्रेक लागून थांबायला अजून ८-१० मीटर, तेही कोरड्या रस्त्यावर. म्हणजे २० मीटरवर खड्डा दिसला नाही तर तो दिसून उपयोग नाही. पावसात हे अंतर अजून वाढतं.

आता फोनची परीक्षा. तीच लाईट, तसाच नेम, अंतर ३ मीटर. ३ चा वर्ग ९, ५ चा २५, म्हणजे ३ मीटरवरचा आकडा ५ मीटरवरच्या पावणेतीन पट यायला हवा. ९० चे साधारण २५० झाले तर तुमचा फोन सरळ वागतोय. १५० वरच अडकला तर सेन्सर जास्त उजेडाला दम सोडतोय, मग लांबूनच मोजा किंवा फोन बदला. अगदी जवळून, अर्ध्या-एक मीटरवरून मात्र हे गणित लावू नका, रिफ्लेक्टर आणि लेन्समधून उजेड नीट जुळून यायला थोडं अंतर लागतं.

टॉर्चच्या डब्यांवर "१५० मीटर रेंज" असं असतं ते कुठून येतं तेही इथेच कळतं. अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं टॉर्चचं स्टँडर्ड आलं, त्यात रेंज म्हणजे ज्या अंतरावर पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते अंतर मिळतं, आपल्या २२५० ला साधारण ९५ मीटर. पण चांदण्याएवढ्या उजेडात सायकलवरून खड्डा दिसत नाही, म्हणून माझ्या मते सायकलवाल्याने रेंज विसरून २० मीटरवरचा लक्स लिहून ठेवावा.

समोरच्याच्या डोळ्यात किती जातो

हा भाग बरेच जण सोडून देतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपले रस्ते अरुंद, समोरून एसटी किंवा सहा आसनी आली की दोघांनाही कडेला व्हायचं असतं, आणि त्या ड्रायव्हरला तुमच्या लाईटमुळे काहीच दिसलं नाही तर तो तुमच्याच अंगावर येणार. जर्मनीत यावर कडक नियम आहे. तिथे बॅटरीच्या पुढच्या लाईटला १० मीटरवर सगळ्यात उजेडाच्या जागी किमान १० लक्स हवेत, आणि त्याच अंतरावर त्या जागेपासून साधारण ६० सेंटीमीटर वर गेलं की २ लक्सच्या वर उजेड चालत नाही. आपल्याकडे सायकलला असं कोणी तपासत नाही, पण आपण आपलं तपासू शकतो.

सायकल स्टँडवर नको, कोणालातरी सीटवर बसवून सरळ धरायला सांगा, लाईट नेहमीच्या नेमावर. तुम्ही १० मीटर पुढे जा, फोन स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला धरा, सेन्सर लाईटकडे, आकडा वाचा. मग थोडं वाकून रिक्षावाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला, सव्वा मीटरच्या आसपास धरा. गोल रिफ्लेक्टरच्या साध्या टॉर्चसारख्या लाईटीत हा आकडा १५-२० सहज येतो. मोटरसायकलसारखी वरची कडा कापलेल्या बीमच्या, म्हणजे ज्यांचा झोत एका रेघेच्या वर जातच नाही अशा लाईटीत तो एकदम खाली येतो, आणि तीच लाईट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नेम कसा लावायचा तर चुन्याची भिंत शोधा, शाळेच्या कंपाउंडची चालेल, जांभ्याची नको कारण लाल दगड उजेड खातो आणि बीमची कडा दिसत नाही. लाईट जमिनीपासून १ मीटर उंच असेल आणि तुम्हाला उजेडाचा मध्य २० मीटर पुढे रस्त्यावर हवा असेल, तर दर मीटरला ५ सेंटीमीटर खाली. म्हणजे ५ मीटरवरच्या भिंतीवर उजेडाचा मध्य लाईटच्या उंचीपेक्षा २५ सेंटीमीटर खाली यायला हवा. भिंतीवर खडूने दोन रेघा मारा आणि तिथे लाईट घट्ट करा. कडा कापलेली लाईट असेल तर वरची कडा लाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली ठेवली की झालं.

भिंतीवरच्या उजेडाचे फोटो काढून दोन लाईटी ताडायच्या असतील तर कॅमेरा प्रो मोडला टाका आणि आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स तिन्ही एकदा ठरवून तसेच ठेवा. ऑटोवर काढले तर फोन कमी उजेडाचा फोटोही उजळ करून टाकतो आणि दोन्ही लाईटी सारख्याच दिसतात.

लुमेनसाठी मासळीचा खोका

एकूण लुमेन मोजायला लॅबमध्ये आतून पांढरा रंगवलेला पोकळ गोळा असतो, त्यात उजेड इकडून तिकडे आपटून सगळीकडे सारखा पसरतो. घरी लोक खोलीच्या पांढऱ्या सिलिंगवर लाईट मारून मोजतात, पण आपल्याकडे कौलारू घर असलं की वर सिलिंगच नाही, नुसते वासे आणि कौलं. त्यावर थर्माकोलचा खोका हा फार चांगला उपाय आहे. हर्णै बंदरावर किंवा कुठल्याही मासळी बाजारात बर्फात मासळी भरायचे पांढरे खोके मिळतात, शक्यतो न वापरलेला मागून घ्या, वापरलेला असेल तर साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. आतले पिवळे डाग जाईनात तर पांढरा कागद लावा.

खोक्याच्या एका आखूड बाजूला लाईट आत घालण्याएवढं भोक करा. सेन्सरचं भोक लांब बाजूला, लाईटच्याच टोकाकडच्या कोपऱ्याजवळ करा, म्हणजे फोन पालथा चिकटवला तरी त्याचा खालचा भाग खोक्याच्या बाहेर राहतो आणि स्क्रीनवरचा आकडा बाजूने वाचता येतो. आतून लाईट आणि सेन्सर यांच्यामध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याचा आडोसा चिकटवा, सेन्सरला लाईट थेट दिसता कामा नये. झाकण लावा, फटींना टेप. थर्माकोलमधून थोडा उजेड आरपार जातो म्हणून मोजणी काळोखातच करा.

आता या खोक्याला माप शिकवायचं. घरचा ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या, नाव असलेल्या कंपनीचा, त्याच्या डब्यावर लुमेन छापलेले असतात, समजा ९०० आहेत. होल्डर-वायरवर तो १० मिनिटं बाहेर लावून ठेवा कारण एलईडी गरम झाला की उजेड थोडा उतरतो, मग त्याचा पांढरा घुमट पूर्ण आत जाईल असा भोकात धरा आणि भोवतीची फट पांढऱ्या कागदाने बंद करा. व्होल्टेज फार पडलेलं असेल त्या दिवशी हे करू नका, आणि ओल्या हाताने तर अजिबात नको. आकडा आला समजा ४५००. म्हणजे ९०० भागिले ४५००, तुमच्या खोक्याचा गुणक ०.२. आता बल्ब काढून सायकलची लाईट घाला, फट तशीच बंद करा, अर्धा मिनिट ते दोन मिनिटांच्या आत वाचा, एफएल-१ मध्येही लुमेन याच वेळात मोजतात. १६०० आले तर ३२० लुमेन. डब्यावर १२०० असले तरी ३२०.

लाईट जराशी तिरकी करून बघा. आकडा फार हलत असेल तर आडोसा मोठा करा. बल्ब सगळीकडे उजेड टाकतो आणि सायकलची लाईट एकाच दिशेला, त्यामुळे १५-२० टक्के इकडे-तिकडे धरूनच चाला. ओळखीच्या कोणाकडे खात्रीच्या कंपनीची टॉर्च असेल तर गुणक तिच्यावरून काढा, तो जास्त बरोबर येतो. आणि जोरदार लाईट बंद खोक्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, काच थर्माकोलला टेकवू नका, तो वितळतो आणि पेटूही शकतो.

तासाभराने काय उरतं

पहिल्या मिनिटाचा आकडा बघून लाईट घेणं म्हणजे अर्धीच माहिती. लाईट अंगणातल्या ५ मीटरच्या मांडणीत परत ठेवा, समोर टेबल फॅन लावा, कारण सायकल चालवताना वारा लागतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात फॅनशिवाय लाईट इतकी तापते की ती स्वतःच उजेड कमी करते. मग अर्ध्या मिनिटाला, ५ ला, १० ला आणि पुढे दर १० मिनिटांनी लक्स लिहा. कंटाळा येत असेल तर दुसऱ्या फोनवर टाइमलॅप्स लावा, किंवा आकडे साठवणारं ॲप वापरा.

दोन तऱ्हा दिसतील. एक लाईट शेवटपर्यंत जवळपास सारखी जळते आणि मग एकदम खालच्या मोडला येते. दुसरी पहिल्या मिनिटापासून उतरत उतरत जाते. डब्यावरचे तास बहुतेक वेळा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, म्हणजे "४ तास" मधले शेवटचे दोन तास तुम्ही मिणमिणत्या दिव्यावर असू शकता. मी तरी माझ्या लाईटीसाठी उजेड निम्म्यावर कधी येतो ती वेळ वहीत मोठ्या अक्षरात लिहितो, आणि घरी पोचायला त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर एक मोड खाली चालवतो.

मागची लाल लाईट

हिला वेगळं धरा. फोनचे सेन्सर पांढऱ्या उजेडासाठी बनवलेले असतात, लाल उजेडाचा त्यांचा आकडा विश्वासाचा नाही, म्हणून लाल फक्त लालशीच ताडा, पुढच्या लाईटीशी नाही. ब्लिंकिंग मोड मोजता येत नाही, आकडा नुसता नाचतो, तेव्हा सतत पेटत्या मोडवर मोजा. अंतर २ मीटर पुरे. सरळ मागून मोजून झालं की ३० अंश बाजूला सरका आणि परत मोजा, कारण वळणावर मागून येणारी गाडी तुम्हाला तिरकीच बघते, आणि काही लाल लाईटी बाजूने जवळजवळ विझलेल्याच असतात.

शेवटी एक काम समुद्राजवळ राहणाऱ्यांनी महिन्याला करावं. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर फिरून आलेल्या लाईटीची काच बोटाने पुसून बघा, खारट चिकट थर लागतो, त्यावर लाल धूळ बसलेली. लाईट ५ मीटरवर ठेवून आधी तसाच लक्स घ्या, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने काच पुसा, कोरडी करा आणि परत घ्या. फरक वहीत दिसेल. त्याच वेळी चार्जिंग पोर्टचं रबर उघडून आत हिरवट काही आलंय का बघा, आलं असेल तर कोरड्या ब्रशने साफ करा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.